आईची गुडघ्याची गोळी सुटेना. याला व्यसन म्हणायचं का?

कृष्णाकाठ | 9 फेब्रुवारी, रात्री 10:12

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आई, वय 67, राहणार सातारा. सप्टेंबरात उजव्या गुडघ्याचं सांधारोपण झालं. ऑपरेशन उत्तम झालं. घरी सोडताना कागदावर ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी लिहून दिली होती, दिवसातून तीनदा, दहा दिवस. दहाचे वीस झाले, विसाचे दोन महिने, दोनाचे पाच. मेडिकलवाला ओळखीचा, जुनी चिठ्ठी दाखवली की पट्टी मिळायची. त्याला दोष देत नाही, आणायला मीच जात होतो. आता गुडघा छान वाकतो, आई देवळापर्यंत चालत जाते. मग गेल्या आठवड्यात मी म्हटलं, बास झाल्या गोळ्या. आणि बंद केल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचं नाक गळायला लागलं. जांभयांवर जांभया, घाम, मग जुलाब. आम्हाला वाटलं सर्दी-तापाची साथ आहे. पण रात्रभर ती पाय झाडत बसली. म्हणे हाडांच्या आत मुंग्या चालतायत. तिसऱ्या रात्री रडायला लागली. बाबा गेले तेव्हासुद्धा ही बाई आमच्यासमोर रडली नव्हती. चौथ्या दिवशी धाकट्याने डब्यात उरलेली एक गोळी दिली. दीड तासात आई उठली, तोंड धुतलं आणि कणीक मळायला घेतली.

धाकटा म्हणाला, "आई व्यसनी झालीये." आईने ते ऐकलं. तेव्हापासून ती आमच्याशी कामापुरतं बोलते. गोळी घेताना पाठ फिरवून घेते.

दोन प्रश्न आहेत. हे व्यसन आहे का? आणि यातून बाहेर कसं पडायचं?

शंकेखोर | रात्री 10:31

ट्रॅमाडॉल म्हणजे साधी पेनकिलरच ना? आमच्याकडे पाठदुखीला सर्रास देतात. त्याचं कसलं व्यसन?

घाटमाथा | रात्री 10:34

डिंकाचे लाडू. दोन सकाळी, दोन संध्याकाळी. बाकी सगळं झूठ.

भूलथापा | रात्री 11:20

मी भूलतज्ज्ञ आहे (आयडीवरून ओळखलंच असेल), ऑपरेशननंतरच्या वेदना हा माझा रोजचा विषय.

शंकेखोर, ट्रॅमाडॉल साधी पेनकिलर नाही. ती ओपिऑइड आहे, म्हणजे अफूच्या गोतावळ्यातली. अफूपासून काढलेली नाही, जर्मनीत प्रयोगशाळेत बनवलेली आणि 1977 पासून बाजारात असलेली. पण मेंदूत जाऊन बसते त्याच खुर्चीवर जिथे मॉर्फिन बसतं. बसते जरा अवघडून, म्हणून मॉर्फिनपेक्षा सौम्य. शिवाय तिचं दुसरं एक काम आहे. सिरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही मेंदूतली दोन रसायनंही ती वाढवते, जे काम नैराश्याच्या काही गोळ्या करतात. म्हणून ट्रॅमाडॉल एकदम थांबवली की दोन्हीकडून फटका बसतो. अंग दुखणं, जुलाब, घाम, अंगावर काटा हे ओपिऑइडच्या बाजूचं. घबराट, रडू, विचित्र मुंग्या हे बऱ्याचदा दुसऱ्या बाजूचं.

कृष्णाकाठ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. तुम्ही लिहिलंय त्यात मला व्यसन दिसत नाही. हे शरीराचं अवलंबन आहे. काही आठवडे रोज ओपिऑइड घेतलं तर कुणाच्याही शरीराला त्याची सवय होते, तुमच्या, माझ्या, एखाद्या संन्याशाच्याही. रक्तदाबाच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तर दाब उसळतो. त्या माणसाला आपण बीटा-ब्लॉकरचा व्यसनी म्हणतो का? व्यसन वेगळं. त्यात औषधाची ओढ लागते, नुकसान दिसत असूनही माणूस घेत राहतो, वेदना नसताना घेतो, मात्रा आपली आपण वाढवतो, त्यासाठी खोटं बोलतो. आईंनी मात्रा वाढवली होती का? तुमच्याच लिहिण्यावरून तरी नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: परत कधीही एकदम बंद करू नका. मात्रा पायरीपायरीने उतरवायची, दर आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडी, आणि प्रत्येक पायरीवर शरीराला स्थिरावू द्यायचं. किती आणि कधी हे त्यांना तपासणारा डॉक्टरच ठरवेल, मी इथून सांगणार नाही. जाताना त्यांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. विशेषतः झोपेची किंवा नैराश्याची गोळी चालू असेल, कधी फिट आली असेल, किडनीचा त्रास असेल तर ते आधी सांगा.

आणि धाकट्याला आईची माफी मागायला सांगा. हा वैद्यकीय सल्ला समजा.

कृष्णाकाठ | रात्री 11:48

डॉक्टर, मनापासून आभार. मात्रा कधीच वाढवली नाही. उलट "कशाला एवढ्या गोळ्या" म्हणून कुरकुरच करायची. झोपेची गोळी नाही, फिट नाही. बीपीची चालू आहे.

धाकट्याला धागा वाचायला दिलाय.

औषधीबाई | 10 फेब्रुवारी, सकाळी 8:05

नाशिकला माझं मेडिकल आहे, 19 वर्षं. दोष देत नाही म्हणालात, पण मी देते, आमच्याच धंद्याला. ट्रॅमाडॉल शेड्यूल एच-वनमध्ये आहे. म्हणजे प्रत्येक विक्रीला चिठ्ठी हवी, आणि रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिली ते लिहून तीन वर्षं ठेवायचं. एप्रिल 2018 पासून तर ती एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आली. दहा दिवसांच्या चिठ्ठीवर पाच महिने माल देणं हे ओळखीच्या नावाखाली चालतं आणि सगळीकडे चालतं. मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं आणि जाताना मला ऐकवून जातं.

खोकल्याच्या औषधाचं तेच. कोडीन (हेही अफूच्याच गोतावळ्यातलं) असलेलं सिरप मागायला येणारी पोरं लांबून ओळखू येतात. खोकत नाहीत एवढंच नाही, ब्रँडचं नाव अर्धंच सांगतात आणि डोळ्यांत बघत नाहीत. 2016 साली सरकारने 344 मिश्र औषधांवर बंदी घातली त्यात कोडीनची सिरपं होती. मग कंपन्या कोर्टात गेल्या, बंदी उडाली, परत समिती. शेवटी जून 2023 मध्ये 14 मिश्रणं बंद झाली, त्यात कोडीन-क्लोरफेनिरामीनचं सिरप होतं. सात वर्षं गेली या खेळात.

बंड्या_नंबर_वन | सकाळी 8:40

आमच्या मालेगावात "कुत्ता गोळी" म्हणतात ती हीच का?

औषधीबाई | सकाळी 8:52

नाही हो. ती अल्प्राझोलाम, झोपेच्या-चिंतेच्या गोळ्यांच्या कुळातली. अफूशी संबंध नाही. पण दोन्ही एकत्र घेतल्या तर श्वास मंदावून माणूस झोपेतच जाऊ शकतो, म्हणून नावं वेगळी लक्षात ठेवा.

टेक्सासकर | सकाळी 9:15 (माझी रात्र)

2009 साली ह्यूस्टनमध्ये अक्कलदाढ काढली. डेंटिस्टने हायड्रोकोडोनच्या (हेही ओपिऑइडच) तीस गोळ्या दिल्या. तीस! दाढ एक. मी दोन घेतल्या, मळमळलं, बाकीच्या बाथरूममधल्या कपाटात. वर्षभराने घर आवरताना डबी सापडली तर आत चारच. घरात येणारे-जाणारे तेवढे मित्र, मुलांचे मित्र, सफाईला येणारे. कुणी घेतल्या ते कधीच कळलं नाही. अजूनही मी मनातल्या मनात एकेकाचे चेहरे आठवतो.

इथली कथा तुम्ही वाचलीच असेल. 1996 साली ऑक्सिकॉन्टिन नावाचं ओपिऑइड बाजारात आलं. कंपनी डॉक्टरांना सांगत सुटली की हळूहळू सुटणारं औषध आहे, व्यसनाचा धोका कमी. 2007 मध्ये त्याच कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला, 2020 मध्ये पुन्हा केला. तोवर गोळ्यांवरून लोक हेरॉइनवर आणि हेरॉइनवरून फेंटानिलवर गेले होते. 2021 साली इथे ओव्हरडोसने मेलेल्यांचा आकडा लाखाच्या वर गेला. आता अशी अवस्था आहे की उतारा म्हणून नाकात मारायचा नॅलॉक्सोनचा स्प्रे 2023 पासून चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतो. माझ्या मुलीच्या कॉलेजच्या बॅगेत एक असतो. आम्ही तिला कुंकवाचा करंडा दिला होता, तो घरी आहे.

सरळसोट | सकाळी 10:02

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हल्ली लोकांत सहनशक्तीच उरली नाही. आमची आजी मांडीचं हाड मोडून चार महिने खाटेवर होती, हूं की चूं नाही. हळदीचा लेप आणि नामस्मरण. जरा दुखलं की गोळी, मग गोळीचं व्यसन, मग व्यसनावर गोळी. अफू ती अफूच. ती औषधात असूच नये, कॅन्सर असो की गुडघा.

शंकेखोर | सकाळी 10:10

आजीला विचारलं होतं का कुणी, दुखतंय का म्हणून?

माहेरवाशीण | सकाळी 11:37

सरळसोट, राग मानत नाही, पण तुमच्या शेवटच्या वाक्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. कळला तेव्हा पोटभर पसरला होता. शेवटचे सात आठवडे जिल्ह्याच्या गावी घरीच होते. वेदना म्हणजे काय हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. हा माणूस आयुष्यभर शाळेत गणित शिकवत होता, कधी आवाज चढला नाही. तो उशी दातात धरून रडायचा. जवळच्या हॉस्पिटलात मॉर्फिन नव्हतं, परवानाच नव्हता. आमच्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल दिलं, त्याच्या पुढे जायची त्यांची तयारी नव्हती. म्हणाले, "मॉर्फिनची सवय लागेल." सहा आठवडे जगणाऱ्या माणसाला! आणि आमच्याच घरात काका म्हणाले, "मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आणणं, आपण ते पाप नको करूया."

शेवटी नात्यातल्या एकीने पुण्याचा एक पत्ता दिला. गाडी करून गेले, चिठ्ठी आणली, 10 मिलिग्रॅमच्या गोळ्या आणल्या. दर चार तासांनी एक, रात्री झोपताना दुप्पट म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी चहा मागितला आणि पेपरातलं कोडं सोडवलं. त्यानंतर अकरा दिवस ते होते. त्या अकरा दिवसांत त्यांनी मला एफडीचे कागद समजावले, नातवाला वर्गमुळं काढायला शिकवलं आणि काकांशी भांडून घेतलं.

आधीचे पाच-साडेपाच आठवडे वाया गेले ते अफूच्या भीतीने.

सरळसोट | दुपारी 12:20

ताई, तुमच्याबद्दल वाईट वाटलं. कॅन्सरचं वेगळं, ते वाक्य मागे घेतो. गुडघ्याचं मत कायम.

भूलथापा | दुपारी 2:45

माहेरवाशीण, तुमचा अनुभव दुर्दैवाने अपवाद नाही. 1985 साली एनडीपीएस कायदा आला. हेतू गर्द (भेसळीचं हेरॉइन) वगैरे रोखण्याचा, पण मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागायला लागले की हॉस्पिटलांनी नादच सोडला. गंमत बघा, औषधी अफू कायदेशीरपणे पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत, माल परदेशी जातो आणि आपल्याच पेशंटला दहा मिलिग्रॅमची गोळी मिळत नाही. माझ्या पिढीचे कितीतरी डॉक्टर मॉर्फिनची चिठ्ठी एकदाही न लिहिता एमबीबीएस झाले. केरळने मार्ग काढला. डॉ. एम. आर. राजगोपाल, तेही भूलतज्ज्ञच, त्यांनी सहकाऱ्यांसोबत 1993 साली कोझिकोडला वेदनाशमनाचं काम सुरू केलं आणि कायदा बदलावा म्हणून वर्षानुवर्षं मागे लागले. 2014 साली दुरुस्ती झाली. आता मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन वगैरे सहा औषधं "अत्यावश्यक" यादीत आहेत आणि मान्यताप्राप्त संस्थेला ती ठेवायला एकच मंजुरी पुरते. कागदावर सोपं झालंय. डॉक्टरांच्या मनातली भीती मात्र 1985 चीच आहे.

ज्यांच्या घरी कुणाला मॉर्फिन चालू असेल त्यांच्यासाठी एकच व्यावहारिक सूचना. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ ओसरत नाही. पहिल्या दिवसापासून रेचक सोबत हवंच, डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि त्यावर इसबगोल देऊ नका. आतडं थंडावलेलं असताना ते आत फुगून बसतं.

घाटमाथा | दुपारी 2:58

मग माझे डिंकाचे लाडू?

भूलथापा | दुपारी 3:01

ते मला पाठवा.

इंदूरकर | दुपारी 4:30

आमचं घराणं होळकरांबरोबर माळव्यात आलेलं, त्यामुळे अफूबद्दल बोलायचा वंशपरंपरागत हक्क बजावतो.

माझा एक मित्र मंदसौरचा, त्याच्या काकांकडे अफूचा पट्टा आहे. पट्टा म्हणजे सरकारी परवाना. मंदसौर, नीमच, रतलाम आणि पलीकडे राजस्थानातलं चितोडगड, प्रतापगड या भागात पिकते. जमीन किती, तर आरीत मोजतात, दहा आरी म्हणजे हेक्टरचा दहावा भाग. कार्तिकाच्या आसपास पेरायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोंडं भरतात. दुपारी बोंडाला चीर देतात, रात्रभर दूध पाझरून काळसर होतं, पहाटे खरवडून घेतात. पहिल्या चिरेआधी कालिकामातेची पूजा. सगळा चीक सरकारला द्यायचा, ठरलेलं उत्पन्न भरलं नाही तर पुढच्या वर्षी पट्टा गेला. तिथे लग्न जमवताना पट्टा आहे का हे विचारतात. तो चीक नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यात जातो. माहेरवाशीण ताईंच्या बाबांची गोळी बहुधा त्याच चिकातून आली असेल.

आणि पोपट! थवेच्या थवे येतात, बोंडं देठासकट तोडून नेतात. काका रात्रंदिवस पत्र्याचे डबे वाजवत बसतात. म्हणतात, माणूस एखादवेळ ऐकेल, हे हिरवे ऐकत नाहीत.

शंकेखोर | दुपारी 4:41

हे पोपट व्यसनी की अवलंबित? डॉक्टर?

दुबईची_सून | संध्याकाळी 6:10

अफूचा विषय निघालाच आहे तर कळकळीची सूचना. दिवाळीत आईने दिलेले अनारसे इकडे आणू नका. खसखस म्हणजे अफूचंच बी, ती यूएईत बंद आहे, लोकांना खरंच अटक झालीये. माझ्या नणंदेने सुटी खसखस आणली होती गोडा मसाल्यासाठी. विमानतळावर उतरायच्या आधी मी तिला फोन करून विमानातल्या बाथरूममध्ये टाकायला लावली. आता मी अनारसे तिळावर थापते. सासूबाई म्हणतात याला अनारसे म्हणायचं नाही.

औषधांचंही तेच, ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असेल तर निघायच्या आधी इथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी काढा. काकूंना इकडे कुणाकडे यायचं असेल तर लक्षात ठेवा.

लंडनचा_तात्या | संध्याकाळी 6:55

आमच्याकडे कोडीन-पॅरासिटामॉलची हलकी गोळी दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. खोक्यावर ठळक छापलेलं असतं, व्यसन लागू शकतं, फक्त तीन दिवस. मी डोकेदुखीवर घ्यायला लागलो. तीन दिवस घेतली, तीन दिवस नाही, परत तीन दिवस. अशी सहा वर्षं. गंमत अशी की शेवटी डोकं दुखायचं ते त्या गोळीमुळेच. न्यूरॉलॉजिस्ट बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचा आजार खोक्यात आहे." बंद केल्यावर दोन आठवडे नरक, मग स्वच्छ.

डॉक्टरांनी वर दिलेल्या व्याख्येत मी कुठे बसतो हे मला अजून ठरवता येत नाही. खोटं बोललो होतो. दोन वेगळ्या दुकानांतून घ्यायचो, बायकोला एकाचंच बिल दाखवायचो.

गिरणगाव | रात्री 8:20

आमची पणजी काळाचौकीच्या गिरणीत होती. पाळीवर जाताना तान्ह्याला "बाळागोळी" द्यायची, तीळभर, म्हणजे पोर दिवसभर निजायचं. गोळीत अफू. त्या काळी गिरणीतल्या बायांत हे सर्रास होतं, पाळणाघर नव्हतं, पोर चाळीत एकटं. आजी सांगायची, तिचा एक भाऊ उठलाच नाही. त्याचं नाव ठेवलं नव्हतं अजून.

आणि याच मुंबईचा अर्धा डौल अफूतून आलाय. माळव्यातली अफू इथल्या बंदरातून चीनला जायची. सर जमशेटजी जीजीभाईंनी कापूस आणि अफूच्या व्यापारात अफाट पैसा केला आणि त्यातून दान दिलं. 1845 साली सुरू झालेलं जे. जे. हॉस्पिटल त्यांच्याच नावाचं. आता तिथेच ओव्हरडोसचे पेशंटही येत असतील.

संपादक मंडळ | रात्री 9:00

धागा वाचनीय होतोय, पण दोन विनंत्या. कुणीही गोळ्यांची मात्रा कशी उतरवावी याचं वेळापत्रक इथे देऊ नये (असा एक प्रतिसाद काढला आहे). आणि अनारशांसाठी वेगळा धागा आहे.

दुसरा_डाव | 11 फेब्रुवारी, पहाटे 4:17

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

मी गर्दवर होतो. नऊ वर्षं. सुरुवात कॉलेजात असताना मित्राबरोबर, पन्नीवर ओढून. पहिल्यांदा ओकलो. दुसऱ्यांदा असं वाटलं की कुणीतरी आतून गोधडी घातली. त्या गोधडीच्या मागे नऊ वर्षं धावलो आणि ती परत कधी मिळाली नाही. पहिल्या वर्षानंतर ओढायचो ते मजेसाठी नाही, टर्की लागू नये म्हणून. कृष्णाकाठ, तुमच्या आईला झालं त्याला आमच्या भाषेत टर्की म्हणतात. नाक गळणं, जांभया, पाय झाडणं. तुमचा परिच्छेद वाचताना माझ्या पोटऱ्या दुखायला लागल्या, खोटं नाही सांगत. गर्दच्या टर्कीत दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. आठवड्यात शरीर निवतं. लोकांना वाटतं झालं, सुटला. शरीराचं सुटणं हे सोपं काम आहे हो. आठवडा. बाकीच्याला मला अकरा वर्षं झाली, चालू आहे.

फरक कुठे ते सांगतो. आमची आई शिवणकाम करायची. मी तिच्या मशिनचं मुंडकं विकलं. नुसतं मुंडकं, कारण स्टँड एकट्याला उचलेना. आणि ती शोधत होती तेव्हा मी तिच्याबरोबर शोधायला लागलो. पलंगाखाली वाकून बघितलं. तुमची आई पाठ फिरवून गोळी घेते ती लाजेने. मी लाजत नव्हतो. त्या नऊ वर्षांत मला एकदाही लाज वाटल्याचं आठवत नाही, ती सगळी नंतर आली, एकरकमी.

पण लंडनच्या तात्यांचं वाचून वाटलं, रेघ डॉक्टर म्हणतात तेवढी स्वच्छ नाहीये. आमच्या ग्रुपमध्ये दोघं असे आहेत की सुरुवात गोळीनेच झाली. एक नर्सिंगमधला, पाठदुखीला फोर्टविनचं (हेही ओपिऑइडच) इंजेक्शन घेता घेता अडकला. मांड्या लाकडासारख्या कडक झाल्यात त्याच्या, जखमा भरत नाहीत. त्याचीही सुरुवात चिठ्ठीवरच झाली होती. म्हणून काकूंना व्यसनी म्हणू नका, पण डबा कुठे ठेवता ते बघा. काकूंसाठी नाही, घरातल्या बाकीच्यांसाठी.

मी पुण्याच्या मुक्तांगणात बरा झालो. 1986 साली डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचटांनी काढलं, पुलंनी पैसे दिले होते. तिथे आत गेल्यावर मला कुणी "व्यसनी" म्हटलं नाही, "मित्र" म्हणाले. मला वाटलं वेडे आहेत.

अजून एक, कारण हे ठाऊक नसल्याने माझा मित्र गेला. महिनाभर बंद असेल आणि परत घसरलं, तर जुनी मात्रा घेऊ नये असं कुणी त्याला सांगितलं नव्हतं. शरीराची सवय उतरलेली असते. पूर्वी जेवढ्याने नुसतं बरं वाटायचं तेवढ्याने श्वास थांबतो. तो सुटून आल्याच्या दुसऱ्या दिवशी गेला. कुणाच्या घरी असं कुणी असेल तर 14446 ही सरकारी व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे.

भूलथापा | सकाळी 7:30

दुसरा_डाव, रेघेबद्दल तुमचं बरोबर आहे. मी जरा पाठ्यपुस्तकी लिहिलं. अवलंबन म्हणजे व्यसन नव्हे हे खरं, पण त्या वाटेने काही जण पुढे जातात हेही खरं. सवय उतरल्यानंतरच्या धोक्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक व्यसनमुक्ती केंद्राच्या दारावर लावावं. शिवाय गर्दवाल्यांसाठी आता जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सरकारी केंद्रांतून देतात. टर्कीशिवाय माणूस स्थिर राहतो, कामधंदा करतो. "एक नशा सोडून दुसरी" असं म्हणणाऱ्यांनी इन्शुलिनबद्दलही तसंच म्हणावं.

सरळसोट | सकाळी 9:12

दुसरा_डाव, वाचलं. दोनदा वाचलं.

माहेरवाशीण | सकाळी 9:40

मशिनचं मुंडकं परत आलं का हो?

दुसरा_डाव | सकाळी 10:05

ते नाही. दुसरं घेतलं, तिसऱ्या वर्षी, हप्त्यावर. आई म्हणाली याचा टाका पहिल्यासारखा पडत नाही.

बंड्या_नंबर_वन | 12 फेब्रुवारी, दुपारी 1:15

कुणी पालघरचं आहे का इथे? बीबीसीने दाखवलं होतं ना, 2025 च्या फेब्रुवारीत, टॅपेंटाडॉल (ट्रॅमाडॉलसारखंच ओपिऑइड) आणि कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैल करणारं औषध) एकत्र करून गोळ्या घाना-नायजेरियाला. ट्रॅमाडॉलवर सगळीकडे डोळा पडला म्हणून नवीन मिश्रण. कारखाना आपल्या इथला.

औषधीबाई | दुपारी 1:40

हो. त्यानंतर सरकारने त्या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात थांबवली. एक दार लावलं की दुसरं उघडतं. आमच्याकडे एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) येऊन ट्रॅमाडॉलच्या जागी टॅपेंटाडॉल ठेवा म्हणून सांगतोच. "ताई, याला रजिस्टरची कटकट नाही."

कृष्णाकाठ | 23 मार्च, रात्री 9:50

धागा वर काढतोय, हिशेब द्यायचा राहिला.

दुसऱ्या दिवशीच आईला घेऊन डॉक्टरांकडे गेलो (ऑपरेशनवाले नाहीत, त्यांची अपॉइंटमेंट मिळेना, आमचे जुने फिजिशियन). पिशवीभर गोळ्या नेल्या. त्यांनी कागदावर उतरंड लिहून दिली. आईने ती कालनिर्णयवर उतरवली. एकादशी, संकष्टी आणि गोळीची खूण, एकाच चौकोनात. पहिली पायरी सोपी गेली. दुसऱ्या पायरीला पायाच्या मुंग्या परत आल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले घाई नको, याच पायरीवर आणखी आठवडा थांबा. आता रात्रीची अर्धी तेवढी उरलीये. पॅरासिटामॉल वेगळी साधी देतात, ती लागते कधी लागत नाही.

धाकट्याने माफी मागितली. म्हणजे तोंडाने नाही, तो तसा नाही. भूलथापांचा प्रतिसाद मोठ्या अक्षरात छापून आणला आणि आईला वाचून दाखवला. आईने सगळा ऐकला. मग दुसरा_डाव यांचाही वाचायला लावला. मुंडक्याशी आल्यावर म्हणाली, पुढे वाच. दुसऱ्या दिवशी तिने गोळ्यांचा डबा स्वतःच नातवंडांच्या हातापासून वर, लोणच्याच्या फळीवर ठेवला.

आता गोळी आमच्यासमोर घेते. एकच तक्रार आहे, पहाटे चारला जाग येते ती परत झोप नाही. यावर काही उपाय?

भूलथापा | रात्री 10:30

उत्तम प्रगती. झोप सगळ्यात शेवटी परत येते, काही आठवडे लागतील. दुपारची झोप कमी, संध्याकाळचा चहा बंद. झोपेची गोळी परस्पर सुरू करू नका.

दुसरा_डाव | 24 मार्च, पहाटे 4:22

मीही याच वेळेला जागा असतो. काकूंना सांगा.

घाटमाथा | सकाळी 7:10

लाडू पाठवू का विचारा.

नवी_सभासद | 2 एप्रिल, दुपारी 12:05

सगळा धागा वाचला, खूप माहिती मिळाली. सासऱ्यांना कंबरदुखीला हीच ट्रॅमाडॉलची गोळी दोन महिने चालू आहे. त्यांना पूर्वी फिट यायच्या, आता चार वर्षांत नाही आली. कंबरेच्या डॉक्टरांना हे सांगायचं राहिलं. चालेल ना?

भूलथापा | दुपारी 12:09

नाही. ट्रॅमाडॉलने फिट येऊ शकते, आधी येऊन गेली असेल तर जास्तच. पण एकदम थांबवूही नका. आत्ता डॉक्टरांना फोन लावा, फिटच्या गोळ्यांची नावं हातात घेऊन. लागला नाही तर तिथे जा. काय म्हणाले ते इथे कळवा.

नवी_सभासद | दुपारी 12:14

लावते.